मधल्या फडताळातले रावजी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय अंबाजीशेठ घरत, जिल्ह्याच्या गावाहून होडी आणि बैलगाडी दोन्ही सोसून आलेले सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती तुळशीराम मास्तर म्हात्रे, त्यांच्या बरोबरीने बसायला संकोचून आतापर्यंत तीन वेळा खुर्ची मागे सरकवलेल्या सौ. सत्यवतीबाई, आणि समोरच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

प्रथम एक गंभीर तक्रार अध्यक्षांच्या कानावर घालायची आहे. ती आजच्या इतिवृत्तात नोंदली जावी, अशी माझी विनंती आहे.

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी आपल्या वाचनालयाचा कारभार माझ्याकडे सोपवण्यात आला. कारभार म्हणजे चाव्यांचा एक जुडगा. त्यात अकरा चाव्या आहेत, आणि वाचनालयात कुलपे चार. उरलेल्या सात चाव्या कशाच्या, असे मी मास्तरांना विचारले. ते म्हणाले, "असू द्या शास्त्रीबोवा, कधीतरी कुलूप सापडेल." सज्जनहो, मी पाठशाळेत बारा वर्षे काढली. तेथे आधी प्रश्न आणि मग उत्तर, असा क्रम होता. उत्तरे कमरेला लावून प्रश्नांची वाट पाहणारा माणूस मी प्रथमच पाहिला. तेव्हापासून तो जुडगा माझ्या कमरेला खुळखुळतो आहे, आणि मी घरात शिरलो की आमच्या वहिनी माजघरातून विचारतात, "कुणाची गाय सुटली रे?"

या तक्रारीची दाद लागेल अशी मला आशा नाही. अंबाजीशेठ हसताहेत, त्यावरून ती आताच निकालात निघाली असे धरून चालतो.

मास्तरांविषयी बोलायचे आहे. आज कुलाबा जिल्ह्यात मोठी मोठी वाचनालये आहेत. आपले लहान आहे. सत्तेचाळीस साली, झेंडावंदन झाल्यावर उरलेल्या वर्गणीतून, चाळीस पुस्तके आणि एक घड्याळ एवढ्या भांडवलावर ते निघाले. घड्याळ त्याच वर्षी बंद पडले. पुस्तके वाढत गेली. आज ती सहाशे बारा आहेत आणि या सतरा वर्षांत एकही हरवलेले नाही. मास्तर चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवायचे, शाळा सुटली की समोरच्या खोलीचे दार उघडायचे आणि दिवेलागणीला बंद करायचे. पगार किती होता हे सांगून मी संचालक मंडळाला लाजवू इच्छित नाही. मीही त्या मंडळात आहे.

परंतु सत्कार म्हटला म्हणून दोष सांगूच नयेत, असे मला कोणी शिकवलेले नाही. मास्तरांच्या कारभारात एक मोठा दोष होता, आणि तो मी वेळोवेळी दाखवून दिला होता. तो दोष म्हणजे मधले फडताळ.

आपल्या वाचनालयाच्या भिंतीत तीन फडताळे आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. डावीकडच्यात कथा, कादंबऱ्या, नाटके. उजवीकडच्यात धर्म, इतिहास, शेती, वैद्यक. इथपर्यंत सर्व यथास्थित. मधल्यात मात्र काय होते? माडावरच्या किडीची माहिती देणारी पुस्तिका. तिला खेटून एक तीन अंकी नाटक. नाटकाच्या अंगावर रेललेले तिसरीचे अंकगणित. मग एक प्रवासवर्णन, एक अश्रुपूर्ण कादंबरी, कोण्या वैद्याचे चरित्र, आणि घोड्यांच्या पायांचे रोग. आपल्या गावात घोडा शेवटचा कधी आला होता? अशी एकंदर अठरा पुस्तके, आणि अगदी कडेला फडक्यात गुंडाळलेले काहीतरी.

ही कोणती व्यवस्था? मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस. मला वाटले, उंचीप्रमाणे लावली असतील. मोजून पाहिली. नाही. पुठ्ठ्याच्या रंगाप्रमाणे? नाही. देणगीदारांप्रमाणे? नाही. वाळवी लागलेली वेगळी काढली असतील? वाळवी तर उजवीकडच्या धर्मग्रंथांत होती! शेवटी सहा वर्षांपूर्वी मी आमच्या साप्ताहिकात एक स्फुट लिहिले. आपणांपैकी काहींना ते आठवत असेल. मला तर पाठ आहे. "माडावरचा भुंगा आणि नाटकातली नायिका एकाच फडताळात कोणत्या नात्याने नांदतात, हे ग्रंथपाल महाशयांनी लोकांस सांगावे." गावभर हशा झाला. मास्तरांनी कार्डावर उत्तर पाठवले. त्यात तीन शब्द होते. "जागा कमी आहे."

आता अडचण अशी झाली की जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आले. अनुदान हवे असेल तर सर्व पुस्तके विषयवार लावावीत. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून तर आजचा हा समारंभ. तेव्हा काम माझ्याकडे आले. अंबाजीशेठ मला सर्वांदेखत म्हणाले, "शास्त्रीबोवा, पहिलं ते मधलं फडताळ मोडा. तुमची सहा वर्षांची खाज भागेल." मी आनंदाने होकार दिला. खोटे कशाला सांगू?

बुधवारी मी मास्तरांचा टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. त्यात मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याचे कार्ड मिळाले. मजकूर असा: "आपले पत्र पोचले. आपणांस कोणत्या विषयावरील पुस्तके हवीत ते कृपया कळवावे." त्याखाली मास्तरांच्या हातची उत्तराची नक्कल होती: "विषय कोणताही चालेल." अध्यक्ष महाराज, मी ते कार्ड उलटसुलट चार वेळा वाचले. मला वाटले, मास्तरांच्या डोळ्यांआधी दुसरे काहीतरी बिघडले असावे. मास्तर, क्षमा करा, पण वाटले खरे.

यानंतर गेला शनिवार. मास्तर डोळा दाखवायला मुंबईला गेले होते. मी फडताळासमोर यादी करीत बसलो होतो. चारच्या सुमारास पायरीवर कोणीतरी येऊन बसले. पाहतो तो कोळीवाड्यातल्या राहीबाई. सुक्या मासळीची पाटी त्यांनी बाजूला उपडी घातली होती, म्हणजे विक्रीला आल्या नव्हत्या.

"मास्तर न्हाय?"

"मुंबईला गेलेत. डोळा दाखवायला."

"मंग तुमी वाचा."

"काय वाचू?"

"कंचंबी. त्या मधल्यातलं."

मी आता ग्रंथपाल. नियमाप्रमाणे विचारले, "कोणाचे पुस्तक हवे?"

"त्याचंच."

"त्याचे म्हणजे कोणाचे?"

"आता काय सांगू, शास्त्रीबोवा! सगल्यांचं नाव येकच न्हाय का?"

"कोणते नाव?"

राहीबाईंनी माझ्याकडे जसे पाहिले तसे पाठशाळेतल्या गुरुजींनंतर कोणी पाहिले नव्हते. "येवढे शिकलेले तुमी," त्या म्हणाल्या, "आन् मला नाव घ्यायला लावता?"

सज्जनहो, तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शेवटी त्या उठल्या, फडताळातून अंकगणित काढले, सराईतपणे मधले पान उघडले, ओळींवरून बोट फिरवत नेले आणि एका जागी थांबवले. "हे."

तीन अक्षरे होती. मी वाचली. "रावजी."

राहीबाईंनी डोईवरचा पदर पुढे ओढला आणि खाली बघून म्हणाल्या, "व्हय. फुडं वाचा."

आता बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडे सांगावे लागेल. गावाला ठाऊकच आहे. नऊ वर्षांपूर्वी, पंचावन्न साली कार्तिकात, राहीबाईंचे यजमान रावजी नाखवा चार सोबत्यांना घेऊन होडीने गेले. खांदेरी बेटाच्या पलीकडे जाताना किनाऱ्यावरच्या थळ गावच्या लोकांनी त्यांचे शीड पाहिले. मग वादळ झाले. होडी आली नाही. फळीसुद्धा आली नाही. कोणी म्हणाले, गुजराथकडच्या एखाद्या गलबताने उचलून नेले असेल.

आपल्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतले असेल तेवढे. आणि गावाने? गावाने दयेपोटी त्या घरासमोर ते नाव उच्चारणे सोडले. त्यांच्या मागे कोणी मूल नाही, की ज्याला हाक मारताना बापाचे नाव लावले जाईल. म्हणजे पाहा, माणूस दर्यावरून आला नाही हे एक. पण त्याचे नाव चांगले जमिनीवर होते, तेही कोणाच्या तोंडून येईनासे झाले. हे मला नऊ वर्षांत सुचले नव्हते. मास्तरांना आठवड्याभरात सुचले.

मी यादी पुन्हा घेतली आणि त्या अठराही पुस्तकांत रावजी शोधले. माडाच्या किडीच्या पुस्तिकेचे लेखक रावजी. घोड्यांच्या रोगांचे लेखक दुसरे रावजी. नाटकात रावजी दरोडेखोर. कादंबरीत रावजी कारकून, प्रेमात पडून क्षयाने मरणारा. वैद्याच्या चरित्रात रावजी हा मुख्य वैद्यही नव्हे; तो औषधे खलणारा गडी. प्रवासवर्णनात रावजी गाडीवान, चाळिसाव्या पानावर येतो आणि त्रेचाळिसाव्यावर जातो. चार पानांच्या रावजीसाठी मास्तरांनी अडीचशे पानांचे पुस्तक मुंबईहून मागवले होते!

आणि अंकगणितातला रावजी तर सर्वांत कर्तबगार. तो बैल विकत घेतो, भिंत बांधतो, हौद भरतो. मी राहीबाईंना वाचून दाखवले, "रावजी एकटा एक विहीर नऊ दिवसांत खणतो..." त्यांनी मध्येच तोडले.

"येकटा कशाला? बरोबर चारजनं व्हती ना."

मला पुढचे गणित वाचता आले नाही. आपण म्हणाल, तिसरीचे गणित. हो, तिसरीचेच.

मग मी प्रवासवर्णन घेतले. गाडीवान त्रेचाळिसाव्या पानावर घाटाखाली उतरला, लेखकाने त्याला राम राम केला, आणि मी पुस्तक मिटले. राहीबाई हलल्या नाहीत.

"मास्तर यापरीस लांब वाचतात."

"छापलेले एवढेच आहे."

"मास्तरांच्या वाचन्यात गाडीवाला घरी पोचतो. बायकोला बांगड्या आनतो. हिरव्या."

"राहीबाई, येथे तसे काही छापलेले नाही."

"ठाऊक हाय मला."

"कसे?"

"मास्तर पान उलटत न्हाईत आन् गोष्ट चालूच ऱ्हाते. येका पानावर येवढी गोष्ट मावते व्हय? आन् त्या रडक्या बुकात बोटभर पानं शिल्लक आसतात तवाच गोष्ट संपते. मी वाचाय शिकली न्हाय पुरती, पन मला आंधळी समजतात का काय?"

पुरती शिकल्या नाहीत, पण अक्षरे लावतात, हे मला नंतर कळले. नवशिके वाचतात तसे ओठ हलवून, मोठ्याने. मी विचारले, मग स्वतःच का वाचत नाही? त्या म्हणाल्या, "वाचताना तोंडात येतं ना." यापुढे मी प्रश्न विचारणे थांबवले.

रविवारी मास्तर परत आले. मी त्यांना धरून बसवले आणि सर्व विचारून घेतले. दरोडेखोर रावजीला नाटकात फाशी होते. मास्तरांनी त्याला सोडून दिले. कारकुनाचा क्षय बरा केला. मी हिशेब केला, मास्तरांनी आपल्या साहित्यातले एकूण पाच मृत्यू टाळले आहेत. गेले वर्षभर तर त्यांना अक्षर दिसत नव्हते. तरी ते पुस्तक समोर धरत होते.

"मास्तर," मी म्हणालो, "ग्रंथकर्त्याच्या शब्दाला हात लावणे हा अपराध आहे."

"खरं आहे," मास्तर म्हणाले. "पण तिला यातलं काही सांगू नका हं. तिला वाटतं पुस्तकात तसंच आहे."

अध्यक्ष महाराज, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल? कारण शनिवारी मी राहीबाईंना विचारले होते, की हे इतकी वर्षे मास्तरांना का बोलला नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, "कशाला? त्यांना वाटतं, मला बरं वाटतं. मला वाटतं, त्यांना बरं वाटतं. चाललंय." जाताना त्यांनी पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "निरोपाचं भाषन तुमी करनार ना? तवा सांगा मास्तरांना. मला पयल्यापासून ठाऊक व्हतं, आन् मी ऐकत व्हते. चारचौघांत सांगा. त्यात लपवायसारखं काय हाय? मी न्हाय यायची भाषनाला. बाजाराचा दिस हाय."

मास्तर, निरोप पोचवला. मान खाली घालू नका. सत्यवतीबाई, त्यांना जरा पाणी द्या.

अंबाजीशेठ, आपण पुन्हा घड्याळ पाहिलेत. संपवत आणले आहे. एक विनंती आहे. कचेरीच्या पत्रकात सर्वांत शेवटी "संकीर्ण" असा एक वर्ग दिलेला आहे. त्यात काय घालावे आणि काय घालू नये हे लिहिलेले नाही. ती अठरा पुस्तके मी संकीर्ण म्हणून दाखवली आहेत, आणि संकीर्णाची जागा मधले फडताळ. पाहुण्यांनी हे ऐकले नाही असे समजावे. ज्यांनी सहा वर्षांपूर्वी आमचे स्फुट वाचून हसण्याची कृपा केली, त्यांनी ते हसू परत घेतले तर माझी हरकत नाही.

आता आभार. हा दिवाणखाना देणाऱ्या अध्यक्षांचे, हार गुंफणाऱ्या भगिनींचे, एवढा वेळ न उठता बसलेल्या आपणा सर्वांचे. आणि बोलण्यात अधिकउणे गेले असेल, कोणाच्या घरातले चव्हाट्यावर आले असेल, तर माझ्या पदरात घाला, मास्तरांच्या नको. येथे खरे म्हणजे मी बसायला हवे.

परंतु कडेला फडक्यात गुंडाळलेली ती एकोणिसावी वस्तू राहिली. मी ती शनिवारीच उघडली. आमच्या साप्ताहिकाचा अंक होता, पंचावन्न सालचा. त्या फडताळात मीही एक लेखक होतो. बातमी वीतभर आहे. पहिल्या दोन ओळींत रावजी नाखवा आणि चार सोबती यांची होडी परतली नसल्याचे आहे. त्यापुढे माझे वाक्य सुरू होते: रत्नाकराने आपल्या या पाच पुत्रांस उदरी घेतले, त्यांस जलसमाधी लाभली, वगैरे. संपादकांनी त्या वाक्याबद्दल मला मुद्दाम पत्र लिहिले होते. पुढे वर्षभर मी ते लोकांना म्हणून दाखवत असे.

राहीबाई तो अंक घेऊन मास्तरांकडे गेल्या होत्या, यात काय लिहिले आहे ते वाचा म्हणून. मास्तरांनी दोन ओळी वाचल्या आणि थांबले. का थांबलात, असे मी रविवारी विचारले तर म्हणाले, "तुमचं पुढचं संस्कृत मला लागलं नाही, शास्त्रीबोवा." त्या बाईंनी त्या दोन ओळी त्यांच्याकडून पाच वेळा वाचून घेतल्या. पुढच्या शनिवारी येऊन विचारले, "आजच्या पेपरात हाय का?" नव्हते. तेव्हा मास्तरांनी माडाच्या किडीचे पुस्तक काढले.

परवा शनिवार आहे. मास्तरांना आता वाचवत नाही, वाचायचे मी. राहीबाईंनी सांगून ठेवले आहे, "आदी त्यो पेपर वाचा. वीतभर मजकूर व्हता आन् मास्तरांनी दोन वळी वाचल्या. तुमीच लिवलाय ना? छापलाय तसा वाचा. तुमी अक्षर बदलत न्हाय म्हनतात."

मी खरोखरच आजपर्यंत कोणाच्या मजकुराचे अक्षर बदललेले नाही. तसेच वाचायचे, तर जे मला ठाऊक नव्हते ते त्या बाईंच्या तोंडावर पुन्हा सांगायचे. बदलून वाचायचे, तर त्या पानांकडे बघत बसलेल्या असतात. पाच माणसे बुडताना कोणी पाहिली होती? कोणीही नाही. त्या दिवशी मी धक्क्यावरसुद्धा गेलो नव्हतो. ओटीवर बसून लिहिले, कारण अंक गुरुवारी निघायचा होता आणि वाक्य चांगले जमले होते. रावजी नाखव्याचे काय झाले ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, आजही नाही. परवा चार वाजता त्या पायरीवर बसतील आणि मला विचारतील, तुम्ही पाहिले होते का. मला त्याची भीती वाटते.